बाळाला त्याचा फायदा काय?

'अजिनोमोटो वाईट असतो' हे आता आपल्या वस्तीतले शाळकरी पोरही सांगते. चायनीजच्या गाडीवर पार्सल घेताना कितीतरी जण "भाऊ, अजिनोमोटो टाकू नको" असे आवर्जून बजावतात. पण त्याच गाडीवरची लालभडक शेझवान चटणी, केशरी मंचुरियन, शेजारच्या टपरीवरच्या पिवळ्याधमक नळ्या आणि गोळेवाल्याच्या हिरव्या-जांभळ्या बाटल्या यांबद्दल कोणी एक शब्द विचारत नाही. घरी पार्सल उघडले की त्यातला एक घास मांडीवरच्या सात-आठ महिन्यांच्या बाळाच्या तोंडात कौतुकाने जातो. "चव तर घेऊ दे की त्याला!" असे म्हणणारी आजी असते, मामा असतो, शेजारीण असते. यात वाईट हेतू कोणाचाच नसतो.

तरीही आम्हाला वाटते की या विषयात आपली भीती एका ठिकाणी आहे आणि धोका दुसऱ्या ठिकाणी. मोठ्या माणसासाठी अजिनोमोटोची जेवढी भीती घातली जाते तेवढा पुरावा नाही. लहान बाळासाठी मात्र अजिनोमोटो आणि रंग या दोन्हींबाबत सावध राहायला भक्कम कारण आहे. ते कारण प्राण्यांच्या नवजात पिलांवर झालेल्या प्रयोगांतून पुढे आले. ते काय होते आणि त्यातून आपण काय घ्यायचे, हे या वेळच्या आरोग्य पानावर मांडत आहोत.

उंदरांच्या पिलांचे काय झाले?

अजिनोमोटो हे मुळात एका जपानी कंपनीचे नाव. १९०८ मध्ये टोकियोतील प्राध्यापक किकुनाए इकेदा यांनी समुद्रातल्या शेवाळापासून चव वाढवणारा पदार्थ वेगळा काढला. त्याचे शास्त्रीय नाव मोनोसोडियम ग्लुटामेट, थोडक्यात एमएसजी. पुढच्याच वर्षी तो बाजारात आला आणि हळूहळू जगभर पसरला. पाकिटावर त्याचा क्रमांक ६२१ असा छापलेला असतो.

१९५७ मध्ये लुकास आणि न्यूहाऊस या दोन संशोधकांना आढळले की हा पदार्थ टोचलेल्या उंदरांच्या नवजात पिलांच्या डोळ्यांच्या पडद्याचे आतले थर खराब होतात. त्यानंतर अमेरिकेतील सेंट लुईस शहरातल्या वॉशिंग्टन विद्यापीठात डॉ. जॉन ओल्नी यांनी हे काम पुढे नेले. जन्मल्यापासून पहिल्या दहा दिवसांतल्या पिलांच्या कातडीखाली त्यांनी एमएसजी टोचले. काही तासांतच मेंदूच्या तळाशी असलेल्या हायपोथॅलॅमस या भागातल्या पेशी मरू लागल्या. भूक, शरीराची वाढ, मादीचे ऋतुचक्र यांवर हाच भाग ताबा ठेवतो. ती पिले मोठी झाली तेव्हा लठ्ठ झाली होती, हाडांनी खुजी राहिली होती आणि त्यांच्यातल्या माद्या वांझ निघाल्या. ओल्नी यांनी हे निष्कर्ष १९६९ मध्ये 'सायन्स' या नियतकालिकात छापले.

या प्रयोगातली महत्त्वाची गोष्ट अशी की इजा झाली तेव्हा ती बाहेरून दिसली नाही. पिले जगली, दूध प्यायली, वाढली. परिणाम कळला तो कित्येक आठवड्यांनी, जेव्हा काही करण्यासारखे राहिले नव्हते.

नवजात पिलालाच हे का झाले? ग्लुटामेट हा आपल्या मेंदूचा स्वतःचाच एक निरोप्या आहे. एका पेशीकडून दुसऱ्या पेशीकडे निरोप नेण्याचे काम तो करतो. पण तो प्रमाणाबाहेर आला की पेशी सतत उत्तेजित राहते आणि शेवटी थकून मरते. मोठ्या प्राण्यात रक्त आणि मेंदू यांच्यामध्ये एक गाळणी असते. ती रक्तातले बरेच काही मेंदूपर्यंत जाऊ देत नाही. पिलांमध्ये ही सगळी व्यवस्था अजून कच्ची असते आणि हायपोथॅलॅमसचा जो भाग मेला, त्याच्या जवळ तर ही गाळणी मुळातच विरळ असते. घराच्या भिंती अजून ओल्या असताना पाऊस आला तर जे होते, तसेच काहीसे हे झाले.

माणसाच्या बाळाला हे जसेच्या तसे लागू होते का?

इथे प्रामाणिकपणे सांगायला हवे की नाही, जसेच्या तसे लागू होत नाही. पिलांना हा पदार्थ टोचला होता, अन्नातून थोडा थोडा दिला नव्हता. मात्राही मोठी होती. त्यांच्या वजनाच्या हिशेबाने पाहिले तर पाच किलोच्या बाळाला एकाच वेळी किमान अडीच ग्रॅम टोचावे लागेल. ओल्नी यांना माकडाच्या पिलातही इजा दिसली, पण नंतर इतर संशोधकांनी माकडांवर केलेल्या प्रयोगांत ती आढळली नाही. खाल्लेले ग्लुटामेट बरेचसे आतड्यातच वापरले जाते. टोमॅटोत, चीजमध्ये ते निसर्गतः असते. आईच्या दुधातही ते भरपूर असते आणि त्याने बाळाचे काही बिघडत नाही. म्हणून १९८७ मध्ये जागतिक आरोग्य संघटना आणि अन्न व कृषी संघटना यांच्या संयुक्त तज्ज्ञ समितीने एमएसजीला आकड्यातली मर्यादा घातली नाही. पुढे २०१७ मध्ये युरोपच्या अन्न सुरक्षा प्राधिकरणाने मात्र मर्यादा ठरवली : दर किलो वजनामागे रोज ३० मिलिग्रॅम. दहा किलोच्या मुलासाठी हे ३०० मिलिग्रॅम होतात, म्हणजे चहाच्या चमच्याचा दहावा भागही नाही. गाडीवरचा कारागीर डब्यातून चमच्याने उचलून कढईत टाकतो, तेव्हा हा हिशेब कोण करतो?

अजून एक मुद्दा लक्षात ठेवावा. उंदराचे पिलू जन्मते तेव्हा त्याचा मेंदू माणसाच्या बाळापेक्षा बराच कच्चा असतो. ते साधारण आपल्या गर्भातल्या शेवटच्या महिन्यांतल्या बाळासारखे असते. म्हणून अशा प्रयोगांचा विचार गरोदर भगिनींनीही करायला हवा. घाबरून जाण्याची गरज नाही. पण नऊ महिने रोजच्या खाण्यात गाडीवरचे पार्सल नको, एवढे नक्की समजावे.

एक साधा प्रश्न, जो आपणही विचारावा

ओल्नी यांचे निष्कर्ष आले तेव्हा अमेरिकेत बाळांसाठी मिळणाऱ्या बाटलीबंद अन्नात सर्रास एमएसजी घातले जात होते. बाळाच्या वाढीला त्याची काही गरज नव्हती. चमच्याने चव घेऊन पाहणाऱ्या मोठ्या माणसाला ते रुचकर लागावे, एवढाच त्याचा उपयोग. वाद पेटला आणि १९६९ मध्येच तिथल्या मोठ्या कंपन्यांनी बाळांच्या अन्नात ते घालणे स्वतःहून थांबवले. पुढच्या वर्षी राष्ट्रीय विज्ञान अकादमीच्या समितीने अहवाल दिला. तिचे म्हणणे थोडक्यात असे होते : माणसाच्या बाळाला धोका असलाच तर तो अगदी कमी आहे, पण बाळाला फायदाही काही नाही, म्हणून ते घालू नये.

आम्हाला ही कसोटी फार मोलाची वाटते. मोठ्या माणसाच्या अन्नाबाबत आपण विचारतो की याने किती अपाय होतो. बाळाच्या अन्नाबाबत आधी विचारायचे की याने बाळाला फायदा काय. फायदा शून्य असेल तर लहानसा धोकाही कशाला पत्करायचा? बाळ स्वतः निवड करत नाही. आपण भरवतो तेच ते खाते.

आपल्या देशाच्या कायद्यानेही बाळाचे ताट वेगळे ठेवले आहे. एमएसजी घातलेल्या पाकिटावर ते बारा महिन्यांखालच्या बाळांसाठी योग्य नाही, असे छापण्याचा नियम आहे. बाळांसाठी विकल्या जाणाऱ्या डबाबंद अन्नात कृत्रिम रंग घालता येत नाही. म्हणजे अंधेरीतल्या उंच इमारतीत जे बाळ डब्यातले अन्न खाते, त्याला कायद्याचे संरक्षण आहे. वस्तीतले बाळ गाडीवरचे, टपरीवरचे, सुटे अन्न चाखते. त्याच्यासाठी कागदावर कायदा आहे, पण तो वाचता येईल असे पाकीटच नाही.

पाकीट बोलते, गाडी मुकी राहते

२०१५ साल आठवा. उत्तर प्रदेशातल्या बाराबंकी येथून घेतलेल्या मॅगी नूडल्सच्या नमुन्यावरून देशभर गदारोळ झाला. दोन आक्षेप होते. एक म्हणजे शिसे मर्यादेपेक्षा जास्त आढळले आणि दुसरा म्हणजे पाकिटावर 'एमएसजी घातलेले नाही' असे छापलेले असताना तपासणीत ते सापडले. ५ जून २०१५ रोजी केंद्रीय प्राधिकरणाने, म्हणजे एफएसएसएआयने, बंदी घातली आणि लगोलग महाराष्ट्राच्या अन्न व औषध प्रशासनानेही. कंपनी मुंबई उच्च न्यायालयात गेली. १३ ऑगस्ट २०१५ रोजी न्यायालयाने कंपनीचे म्हणणे नीट ऐकून न घेता बंदी घातली, या कारणावरून बंदीचे आदेश रद्द केले आणि तीन मान्यताप्राप्त प्रयोगशाळांतून फेरतपासणी करायला सांगितले. त्या तपासणीत शिसे मर्यादेच्या आत निघाले आणि नोव्हेंबरमध्ये नूडल्स पुन्हा दुकानात आल्या.

या प्रकरणात कोण बरोबर, कोण चूक, हा आमचा विषय नाही. आमचे लक्ष दुसरीकडे आहे. सरकार, न्यायालय, प्रयोगशाळा, वर्तमानपत्रे, सगळे पाच महिने एका पाकिटाभोवती फिरले. का? तर त्या पाकिटावर नाव होते, क्रमांक होता, छापील दावा होता. त्याला जाब विचारता आला. घाटकोपरच्या रमाबाई आंबेडकर नगरातल्या, मुलुंडच्या किंवा बोरिवलीच्या एखाद्या वस्तीतल्या गाडीवर लाल रंगाची जी पुडी कढईत रिकामी होते, तिच्यावर बहुतेक वेळा काहीच छापलेले नसते. तिचा नमुना कोण घेतो? तिच्यासाठी कोण न्यायालयात जातो?

खरी काळजी रंगाची

आता रंगाकडे येऊ. कायद्याने आपल्याकडे ठरावीक आठ कृत्रिम रंगच खाण्यात चालतात, तेही ठरावीक पदार्थांत आणि साधारणपणे एका किलोला १०० मिलिग्रॅम एवढ्याच मर्यादेत. म्हणजे एक ग्रॅम रंग दहा किलो मिठाईला पुरायला हवा. कढईवर उभे राहून डोळ्यांच्या अंदाजाने चिमूट टाकणाऱ्याकडून हे प्रमाण पाळले जाणे जवळपास अशक्य आहे.

परवानगी असलेल्या रंगांबद्दलही शंका आहेत. २००७ मध्ये इंग्लंडच्या साउथॅम्प्टन विद्यापीठाने तीन वर्षांची आणि आठ-नऊ वर्षांची मिळून सुमारे ३०० मुले घेऊन चाचणी केली. काही रंग आणि सोडियम बेंझोएट हे टिकाऊ द्रव्य असलेले पेय प्यायल्यावर मुलांमधला चंचलपणा वाढलेला दिसला. परिणाम मोठा नव्हता आणि प्रत्येक मुलात सारखा नव्हता. तरी जुलै २०१० पासून युरोपात त्या सहा रंगांच्या पाकिटांवर 'मुलांच्या हालचालींवर आणि लक्ष देण्याच्या क्षमतेवर वाईट परिणाम होऊ शकतो' अशा अर्थाची सूचना छापावी लागते. त्या सहांपैकी चार रंग आपल्याकडे चालतात : टार्ट्राझिन (१०२), सनसेट यलो (११०), कार्मोइसिन (१२२) आणि पाँसो ४आर (१२४). आपल्या पाकिटांवर तशी सूचना नसते. २०२१ मध्ये कॅलिफोर्निया राज्याच्या आरोग्य खात्यांतल्या तज्ज्ञांनी मुलांवरचे आणि प्राण्यांवरचे सगळे अभ्यास पुन्हा तपासले. रंगांच्या सुरक्षित मर्यादा ज्या जुन्या प्राणी-प्रयोगांवरून ठरल्या, ते प्रयोग वर्तनातला फरक शोधण्यासाठी केलेलेच नव्हते, हे त्यांनी दाखवून दिले. जे शोधलेच नाही ते सापडणार कसे?

त्याहून वाईट म्हणजे परवानगी नसलेले रंग. मेटॅनिल यलो हा असाच पिवळा रंग. खाण्यात त्याला बंदी आहे, तरी हळद, डाळी, जिलेबी, बुंदी, लाडू यांत तो वेळोवेळी सापडत आला आहे. बंगळुरूच्या निमहान्स या संस्थेतील नागराज आणि देसिराजू या संशोधकांनी १९९३ मध्ये यावरचा अभ्यास प्रसिद्ध केला. वाढत्या वयाच्या आणि मोठ्या अशा दोन्ही उंदरांना त्यांनी हा रंग दीर्घकाळ दिला. मेंदूच्या निरनिराळ्या भागांतली निरोप नेणारी रसायने बदलली आणि नवीन गोष्ट शिकायला त्या उंदरांना जास्त वेळ लागू लागला. इथे टोचण्याचा प्रश्न नव्हता. रंग पोटातूनच गेला होता. हा अभ्यास आपल्याच देशातला, आपल्याच बाजारातल्या रंगाचा आहे. तरी आपण तीस वर्षे अजिनोमोटोच्याच नावाने बोटे मोडत बसलो.

'बुढ्ढी के बाल' गुलाबी करणारा ऱ्होडामाइन-बी हा तर कापड रंगवायचा रंग. तो सापडला म्हणून फेब्रुवारी २०२४ मध्ये तामिळनाडूने रंगीत 'बुढ्ढी के बाल' बंद केले. पाठोपाठ कर्नाटकाने गोबी मंचुरियनचे १७१ नमुने तपासले, त्यांपैकी १०७ असुरक्षित निघाले. मग तिथे मंचुरियनमध्ये आणि पुढे कबाबमध्येही कृत्रिम रंग वापरायला मनाई झाली. गोव्यात म्हापसा नगरपालिकेने त्याच वर्षी जत्रेतल्या आणि गाड्यांवरच्या गोबी मंचुरियनवरच बंदी घातली. मुंबईच्या उपनगरांत यापेक्षा वेगळे चित्र असेल असे मानायला आम्हाला काही कारण दिसत नाही.

रिकाम्या पोटाला जास्त मार

कोणी म्हणेल, आमच्या वस्तीत याहून मोठे प्रश्न आहेत. ते खरेच आहे. बाळाच्या मेंदूला सर्वात मोठा धोका आजही रंगाचा नाही, कमी पोषणाचा आहे. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या २०१९-२१ च्या फेरीत सहा महिने ते पाच वर्षे वयाची ६७ टक्के मुले रक्तक्षयी आढळली. लोह कमी पडले की मेंदूची वाढ मंदावते, मूल मलूल राहते, शिकण्यात मागे पडते.

पण हे दोन प्रश्न वेगळे नाहीत. पाच रुपयांची रंगीत नळ्यांची पुडी खाल्लेले मूल जेवायला बसत नाही. म्हणजे रंग पोटात गेला आणि डाळ-भाजी बाहेर राहिली. दुसरे असे की ज्याच्या अंगात लोह कमी, त्याचे शरीर शिसे जास्त शोषून घेते. हळद पिवळी दिसावी म्हणून काही ठिकाणी तिच्यात लेड क्रोमेट, म्हणजे शिशाचा पिवळा रंग, मिसळला जातो. २०२४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात पाटणा आणि गुवाहाटी येथील हळदीच्या काही नमुन्यांत शिसे कायद्याच्या मर्यादेच्या कितीतरी पट आढळले. लहान मुलाच्या मेंदूसाठी शिशाची कोणतीही मात्रा सुरक्षित मानली जात नाही. म्हणजे ज्या बाळाचे पोट आधीच रिकामे, त्यालाच या भेसळीचा मार जास्त.

दोष आईच्या माथी नको

असे लेख वाचून घरात एकच होते. सगळे आईकडे बोट दाखवतात. आम्हाला ते मान्य नाही. पहाटे पाण्यासाठी उठून, चार घरची धुणी-भांडी करून संध्याकाळी परतणारी बाई गॅसचा हिशेब करत स्वयंपाक करते. मधल्या वेळात पोर रडले तर आत्या, आजोबा, शेजारी जे हाताशी येईल ते देतात. बाळाच्या ताटाची जबाबदारी सगळ्या घराची, आणि पुरुषांचीही. पार्सल बहुधा घरी आणतो कोण?

गाडीवाल्यालाही शत्रू करू नये. कित्येक गाड्या आपल्याच वस्तीतली शिकलेली पण नोकरी न मिळालेली मुले चालवतात. गिऱ्हाईक लाल मागते म्हणून ते लाल देतात. कमी तिखट आणि जास्त लाल हवे असेल तर काश्मिरी मिरची आहे, बीट आहे. गिऱ्हाईकाने फिकट मंचुरियन चालवून घेतले तर पुडी आपोआप बंद होईल. "भाऊ, अजिनोमोटो टाकू नको" म्हणताना "आणि रंगही नको" हे दोन शब्द वाढवायला पैसे पडत नाहीत.

घरात काय करावे

पहिले सहा महिने फक्त आईचे दूध. पाणीही नाही, गुटीही नाही. सहा महिन्यांनंतर दूध चालू ठेवून मऊ डाळ-भात, नाचणीची पेज, कुस्करलेले केळे, उकडलेला बटाटा, अंडे. अंगणवाडीतून मिळणारा आहार सोडू नये. अंगणवाडी सेविकेला विचारले तर ती बाळाच्या वयाप्रमाणे नीट सांगते.

एक वर्षापर्यंत बाळाला चायनीज, मसाल्याच्या पुडीसकट नूडल्स, पाकिटातले सूप, रंगीत नळ्या, बर्फाचा गोळा यांतले काहीही चाटवू नये. कौतुकाने बोटावर घेऊनही नाही. दोन-तीन वर्षांपर्यंत हेच पाळता आले तर फार उत्तम. घरातल्या सर्वांना हा नियम एकदा सांगून ठेवावा, म्हणजे सूनबाईला दर वेळी वाईटपणा घ्यावा लागणार नाही.

हळद शक्यतो हळकुंड आणून दळावी. सुटी हळद घेतलीच तर काचेच्या ग्लासातल्या पाण्यावर चमचाभर टाकून न ढवळता ठेवावी. चांगली हळद बहुतेक खाली बसते आणि पाणी फिकट पिवळे राहते. पाणी गडद पिवळे झाले तर ती हळद वापरू नये. लाल तिखट पाण्यावर टाकल्यावर रंगाच्या रेघा खाली उतरताना दिसल्या तरी संशय घ्यावा. शिशाची भेसळ मात्र घरी ओळखता येत नाही, तिच्यासाठी प्रयोगशाळाच लागते.

वस्तीने काय करावे

घरातल्या नियमाने निम्मेच काम होईल. उरलेले वस्तीने मिळून करायचे आहे. १४ एप्रिलच्या मिरवणुकीत, बुद्धपौर्णिमेला, ६ डिसेंबरला आपली मंडळे सरबत वाटतात, बुंदी वाटतात. उन्हातान्हात ते पुण्याचे काम आहे. मग ते सरबत बाजारातल्या लाल-हिरव्या पाण्याऐवजी लिंबाचे किंवा कोकमाचे का नसावे? बुंदी रंग न घालता करून मागितली तर हलवाई करून देतो. आपल्या कार्यक्रमात मुलांच्या हातात जे पडते, त्याची जबाबदारी आपल्या मंडळाची आहे. बालवाडीतल्या वाढदिवसालाही रंगीत पुड्यांऐवजी केळी, चिक्की, शेंगदाण्याचा लाडू वाटता येतो.

दुसरे काम हक्काचे आहे. २००६ च्या अन्न सुरक्षा आणि मानके कायद्याच्या कलम ४० नुसार कोणीही ग्राहक विकत घेतलेला पदार्थ शुल्क भरून अन्न विश्लेषकाकडून तपासून घेऊ शकतो. घेतेवेळी विक्रेत्याला तसे सांगावे लागते. पदार्थ नियमात बसला नाही तर भरलेले शुल्क परत मिळते. एकट्या माणसाला हे जड वाटेल, पण महिला मंडळाला किंवा बचत गटाला जड नाही. महाराष्ट्राच्या अन्न व औषध प्रशासनाचे कार्यालय वांद्रे-कुर्ला संकुलात आहे आणि १८००-२२२-३६५ हा त्यांचा विनामूल्य दूरध्वनी क्रमांक आहे. तक्रार करताना गाडीवाल्याचे नाव पुढे करण्यापेक्षा बिननावाच्या रंगाच्या पुड्या कोणत्या दुकानात मिळतात ते आधी सांगावे. हात तिथे पडला पाहिजे.

आमची मागणी साधी आहे. सणासुदीला मावा तपासायला जसे अधिकारी बाहेर पडतात, तसे त्यांनी शाळांभोवतीच्या आणि वस्त्यांच्या तोंडावरच्या गाड्यांवरचे रंग वर्षभर तपासावेत आणि निकाल वॉर्डानुसार मराठीत जाहीर करावेत. सुट्या रंगाच्या पुडीची विक्री नाव, क्रमांक आणि प्रमाण छापल्याशिवाय होऊ देऊ नये. पाकिटातल्या अन्नाला जो जाब विचारला जातो, तोच सुट्या अन्नालाही विचारला जावा.

१९७० मध्ये अमेरिकेतल्या समितीने बाटलीबंद अन्न खाणाऱ्या बाळांसाठी जो प्रश्न विचारला, तो आपल्या वस्तीतल्या बाळासाठीही विचारला पाहिजे. येत्या महिन्यात मंडळांच्या बैठका होतील तेव्हा हा विषय घ्यावा, अंगणवाडी सेविकांना बोलवावे आणि तपासणीसाठी पहिले नमुने कोणत्या गल्लीतून घ्यायचे ते तिथेच ठरवावे.